बिनवासाच्या धंद्यातले आतार

हमीदभाई आतार केरसुणी घेऊन चालायचे. झाडत नसत, नुसते चालत. हात सरळ पुढं, हातात शिंदीची केरसुणी, तिचा पिसारा समोरच्या बाजूला, आणि पावलं अशी हलकी की पुढ्यात कुणाचं तान्हं झोपलंय. वरव्याजवळ हायवेच्या कडेला एक मोठी पत्र्याची शेड आहे. तिथं ते असे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचे. कोपऱ्यातल्या लाल सिलिंडरांपाशी आले की पाऊल आणखी आखूड करायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, झालं, भाईंचं वय बोलायला लागलं.

"हसू नका, बाई," ते मागं न बघताच म्हणाले. "हायड्रोजन पेटला तर दिवसाउजेडी त्याचा जाळ दिसत न्हाई. वास न्हाई, धूर न्हाई, रंग न्हाई. माणूस सरळ चालत जातो, आन आत शिरल्यावर त्याला कळतं. केरसुणी आधी पेटती. केरसुणी दुसरी मिळंल."

शेडमध्ये गॅस हुंगणारी यंत्रं होती. भिंतीला होती, छताला होती, जरा काही झालं की टीं टीं करायची. भाईंचं त्यांच्याशी वाकडं नव्हतं. "ती बी असू द्या," म्हणायचे, आणि केरसुणी उचलायचे. त्यांच्या बायकोला, जुबेदावहिनींना, ही बातमी भोरात पोचली तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घरात चाळीस वर्सांत एकदा हातात धरली न्हाई. तिकडं मिरवत्यात व्हय!"

आतारांचं घर मूळचं वासाचं. भोरच्या बाजारात त्यांच्या आजोबांचं दुकान होतं. अत्तर, सुरमा, उदबत्त्या, आणि आमच्याकडच्या लग्नकार्यांसाठी हळदकुंकूसुद्धा. भाई त्या घरातले पहिले वेल्डर. तरुणपणी मुंबईकडं एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात लागले. तेलाचं तूप करायला हायड्रोजन लागतो, हे मला विज्ञान शिकवून माहीत होतं आणि भाईंना हात भाजून. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्यांना केरसुणी दिली. केरसुणी न घेता गेलेल्या एका सोबत्याचा हात त्यांनी स्वतः ओल्या गोणपाटात गुंडाळून दवाखान्यात नेला होता. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एवढंच म्हणत, "वासाच्या घरात जन्मलो आन बिनवासाच्या धंद्यात पडलो."

आमची पहिली भेट झाली ती माझ्या प्रयोगशाळेत, आणि त्या भेटीत मी जी शोभा करून घेतली ती सांगायला आता मला फार मजा येते. तेव्हा येत नव्हती. मी भोरच्या मुलींच्या शाळेत नवी कोरी विज्ञानशिक्षिका. बी.एस्सी. झालेली. कडक कांजीची साडी, नाकावर चष्मा, आणि भोर तालुक्यात रसायनशास्त्र मीच आणलंय असा समज. त्या बाईला आज कुठं भेटले तर कान पिळीन.

त्या दिवशी हायड्रोजन तयार करायचा धडा होता. चंचुपात्रात जस्ताचे तुकडे, वरून पातळ आम्ल, काचेची नळी, नळीच्या टोकाशी काडी लावायची. समोर चाळीस मुली. आणि खिडकीला लोखंडी जाळी बसवायला आलेला एक सडपातळ तरुण वेल्डर, जो काम सोडून माझ्या पात्राकडं बघत होता.

"बाई, जरा दम धरा," तो म्हणाला. "आतली हवा भाईर जाऊ द्या आधी."

मी नळीजवळ नाक नेलं, मुलींना दिसेल असं हुंगलं आणि म्हटलं, "कसलाही वास नाही. तुम्ही तुमची जाळी बसवा."

"वास न्हाई म्हणून तर म्हणतोय," तो म्हणाला आणि दोन पावलं मागं सरकला. मी काडी लावली.

बूच छताला जाऊन आदळलं. पात्राच्या काचा टेबलभर झाल्या. देवाची कृपा की मुली लांब होत्या, कुणाला लागलं नाही. माझ्या साडीला मात्र आम्लाचे शिंतोडे उडाले आणि संध्याकाळपर्यंत तिची चाळण झाली. मुख्याध्यापक धावत आले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी आशेनं त्या वेल्डरकडं बघितलं. म्हणेल बिचारा, की काच जुनी होती. आपण नवीन आहोत, बाईमाणूस आहोत, एवढं तर म्हणेल.

"बाईंनी घाई केली," हमीदभाई म्हणाले.

तीन वर्षं मी त्या माणसाशी बोलले नाही. रस्त्यात दिसला तर चष्मा पुसायला थांबायची. मग आमच्या परसातल्या पाण्याच्या टाकीला भोक पडलं, आणि गावात त्यांच्याइतका चांगला वेल्डर नव्हता, म्हणून माझ्या स्वाभिमानाला झाकण घालावं लागलं. त्यांनी टाकी जोडली, वरून रिठ्याचा फेस फासला, आणि उकिडवे बसून त्या फेसाकडं पाच मिनिटं बघत राहिले. बुडबुडा आला नाही. "गळत न्हाई," म्हणाले आणि उठले. ती टाकी अजून आहे. तिचा रंग तेवढा मी बदलते.

पुढं माझ्या लक्षात आलं की हा माणूस खरं बोलतो ते आपल्याला टोचावं म्हणून नव्हे. त्यांना दुसरं काही जमतच नसे. भोर-वेल्ह्यात बहुधा असं गाव नसेल जिथं भाईंच्या हातचं काही उभं नाही. शाळेची फाटकं, टाक्यांचे स्टँड, साकवांचे कठडे. एकदा त्यांनी हिर्डोशीला शाळेच्या टाकीचा स्टँड जोडला आणि शेवटची गाडी पकडून घरी आले. जेवताना घास हातात धरून थांबले. जुबेदावहिनींनी विचारलं, काय झालं? म्हणाले, "तिसरा पाय." सकाळी पहिल्या एसटीनं पुन्हा हिर्डोशी. पाय ठीक होता. तरी त्यावर आणखी एक टाका मारला. परतीची गाडी आलीच नाही, तेव्हा निम्मी वाट चालत आले. मी म्हटलं, "भाई, पाय ठीक होता तर एवढी तंगडतोड कशाला?"

"शंका घरी न्यायची न्हाई, बाई," ते म्हणाले. "घरात पोरंबाळं असत्यात."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. वेल्डिंगबद्दल म्हणायचे, पण मी ते स्वयंपाकातही वापरलंय. दूध नासलंय का नाही अशी शंका असली की मी ते सरळ ओतून देते.

आता जुई. जुई माझी नात. तिचे आईवडील दोघं नोकरीवाले, म्हणून ती सातवीपर्यंत माझ्यापाशी भोरातच वाढली. भाईंच्या दुकानात काळी काच डोळ्यांपुढं धरून ठिणग्या बघत बसायची आणि त्यांना भाईआजोबा म्हणायची. इंजिनियर झाली, परदेशात शिकून आली, आणि तिच्यासारख्याच आठदहा जणांच्या एका छोट्या कंपनीत लागली. त्या कंपनीनं वरव्याजवळ शेड घेतली. मी विचारलं, काय करता तिथं? म्हणाली, "विमान."

"वरव्यात?"

"उडवायचं दुसरीकडं, धावपट्टीवर. बनवायचं इथं."

मग तिनं मला नीट समजावलं, जसं मी कधी मुलींना समजावत असे, फक्त स्फोट न करता. आजची विमानं जे तेल जाळतात ते रॉकेलचंच भावंड. त्याचा धूर इतक्या वर सोडतात की तिथून तो लवकर खाली येत नाही, आणि जगाचा ताप वाढतो. यांचं विमान दोन माणसांचं, लहानसं. त्याच्या टाकीत दाबून भरलेला हायड्रोजन. तो हवेतल्या ऑक्सिजनला एका पेटीत भेटतो, तिथं वीज तयार होते, विजेवर पंखा फिरतो. मागून बाहेर पडतं ते पाणी. नुसती वाफ.

भाईंनी हे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे धूर सोडणार न्हाई, घाम गाळणार. कष्टाळू दिसतंय." मग म्हणाले, "पर बेटा, हा गॅस पाण्यातनं काढायला वीज लागत आसंल. ती वीज कोळशाची आसली तर? धूर फकस्त गाव बदलंल."

जुई म्हणाली, "म्हणून शेडवर सूर्याची पॅनेलं लावलीत, आजोबा. पण अजून पुरत नाहीत." भाईंना हे उत्तर फार आवडलं. पुरतात म्हणाली असती तर त्यांनी ते काम घेतलं नसतं, असं मला वाटतं.

गावांतून मात्र वेगळीच बातमी फिरली. हायड्रो हा शब्द आमच्याकडं भाटघरच्या वीजघरामुळं जुना. त्यामुळं हायड्रोजनचं विमान म्हणजे धरणाच्या पाण्यावर चालणारं विमान, हे ठरूनच गेलं. एसटी स्टँडवर भाटघरच्या एका शेतकऱ्यानं भाईंना अडवून विचारलं, "मिस्त्री, लिटरला किती पळतंय? आन आमच्या कालव्याच्या आवर्तनातनं पाणी घेणार न्हाईत नव्हं?" भाईंनी त्याला एक गाडी सुटेपर्यंत सगळं समजावलं. तो माणूस शेवटी म्हणाला, "ते खरं, पर पाणी आमचंच नव्हं?"

भाईंकडं काम आलं ते असं. विमानातल्या गॅसच्या नळ्यांचे सांधे यंत्रच जोडत होतं. पण बैठकीच्या मागं एक अडचणीची जागा होती. तिथं यंत्राचं डोकं शिरत नव्हतं. सात सांधे हातानंच करायचे होते. जुईनं भाईंचं नाव सुचवलं. कंपनीनं त्यांच्याकडून नमुने करून घेतले, कापून बघितले, आणि सत्तरी ओलांडलेला माणूस पास झाला. सात सांधे. उजव्या बैठकीच्या मागं, हातभर अंतरावर. ते झाले, यंत्रावर दाब देऊन तपासले गेले, आणि महिन्यानं विमान उडणार असं ठरलं.

उजव्या बैठकीवर कोण बसणार ते मला शेवटी कळलं. डावीकडं वैमानिक, आणि उजवीकडं गॅसचे काटे बघायला जुई.

तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. मी हायड्रोजन बघितला होता. छताला आदळलेलं बूच मला दिवसातून दहा वेळा दिसायला लागलं. जुईला म्हटलं तर ती हसायची, "आजी, काही होत नाही गं." मला ते 'काही होत नाही' नको होतं. मला जुई जमिनीवर हवी होती. मग मी तेच केलं जे मी आयुष्यभर करत आले. कारस्थान. आणि माझी कारस्थानं डब्यातून चालतात. कोथिंबीरवड्या केल्या, एसटी धरली आणि वरव्याला शेडवर गेले. फाटकावरच्या वहीत वॉचमननं माझं नाव लिहिलं तेव्हा मला जाणीव व्हायला हवी होती. झाली नाही.

भाई एकटेच बाकावर बसले होते. रुमालानं उजवा डोळा पुसत होते.

"भाई, माझं एक ऐका. एखादा सांधा बरा नाही म्हणा."

"कोणचा?"

"कुठलाही. सात आहेत. ते खोलतील, पुन्हा करतील, त्यात दिवस जातील. तोवर तिथं जुईऐवजी दुसरं कुणी बसेल."

"दुसरं कुणी म्हंजे दुसऱ्या कुणाची तरी नातच का?"

त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उतरलेला होता. मला वाटलं, माझा राग आला.

"बाई, माझ्यापाशी दोनच शब्द हायेत," ते म्हणाले. "गळतंय, आन गळत न्हाई. त्यातला एक तुमच्यासाठी खोटा केला, तर दुसरा कोण खरा मानंल? जावा तुमी घरी."

मी डबा न उघडता परत आणला. ठेवून आले असते तर लाच झाली असती. एसटीत बसून वड्या सगळ्या मीच खाल्ल्या, आणि रडलेही. शेजारच्या बाईला सांगितलं, मिरची तिखट लागली.

दुसऱ्या दिवशी जुईनं वहीत माझं नाव बघितलं. भाईंना विचारलं, आजी कशाला आली होती? भाईंना खोटं जमत नसल्यामुळं त्यांनी सांगितलं. संध्याकाळी तिचा फोन आला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. "आजी, सहावीत मी सहलीला जाऊ नये म्हणून तू थर्मामीटर गरम पाण्यात बुडवून आणला होतास. मला तेव्हाच कळलं होतं. आता मी सहावीत नाही." आणि बोलणं बंद. आठ दिवस.

नवव्या दिवशी सकाळी हमीदभाई माझ्या दारात उभे. फोन न करता ते कधी येत नसत. आत आले, बसले, पाणी घेतलं नाही.

"बाई, पाचव्या सांध्याची मला खात्री न्हाई."

आधी वाटलं, आले माझ्या मदतीला! लगेच त्यांचं तोंड बघितलं. हे मदतीचं नव्हतं.

"जुईला सांगितलंत?"

"काल सांगितलं. ती म्हणाली, आजोबा, आजीनं फार रडून सांगितलं का? बाकीची पोरंबी हसली. यंत्रानं पास केलाय म्हणाली." त्यांनी रुमाल काढला. "पाचवा सांधा मारताना ह्या डोळ्यापुढं धुकं आलं हुतं. कड नीट दिसली न्हाई. मला वाटलं, झाला आसंल. घरी आलो. शंका घेऊन घरी आलो, बाई. पयल्यांदा. लई दिसांनी येवढं मोठं काम मिळालं हुतं, डोळा गेलाय म्हणायची लाज वाटली. नळ्या पास झाल्या तवा म्हणलं, सुटलो. पर मन ऐकंना. मग ठरवलं, सांगून टाकायचं. त्या दिवशी सकाळी बाकावर बसलो हुतो ते जुईचीच वाट बघत. तेवढ्यात तुमी डबा घेऊन आला."

मी पाण्याचा तांब्या पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला.

"तुमी मागितलंत तेच माझं खरं हुतं. आन तुमी मागितलंत म्हणून ते मला सांगता येईना. सांगितलं असतं तर ते तुमचं झालं असतं. आठ दिस घालवले मी. आता सांगितलं, तर तेच झालं. आता तुमीच चला."

मी आहे त्या साडीनिशी निघाले. फोन जुई उचलतच नव्हती. नसरापूरच्या फाट्यावर ट्रक आडवा झाला होता, गाडी थांबली. भाई बोटं मोजत होते. उड्डाणाला किती दिवस राहिले ते मोजत असावेत. सहा होते. मीही मोजत होते.

शेडमध्ये जुई आणि तिचे सोबती विमानाभोवती उभे होते. पांढरं, चिमुकलं विमान. मी ते तोवर नीट बघितलंच नव्हतं. खरं सांगते, मला ते सुंदर वाटलं, आणि त्याचाच राग आला.

"आजी, आता सगळ्यांसमोर नको," जुई म्हणाली.

"सगळ्यांसमोरच," मी म्हटलं. "मी यांना खोटं बोलायला सांगितलं. यांनी मला हाकलून दिलं. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मी थर्मामीटरवाली बाई आहे. पण हा माणूस माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्यासाठी खोटं बोलला नाही, तो आता म्हातारपणी बोलेल का? कापून बघा. चांगला निघाला तर मी पुन्हा या फाटकात पाय ठेवणार नाही."

जुई भाईंकडं वळली. "आजोबा, यंत्र म्हणतंय गळत नाही."

"आज गळत न्हाईच," भाई म्हणाले. "मीबी तेच म्हणतोय. पर आतल्या अंगाला साखर धरली आसंल, तर रोज विमान थरथरंल, आन कधीतरी तिथनं चीर जाईल. कोणच्या दिवशी ते मला ठाऊक न्हाई. तुझ्या यंत्रालाबी न्हाई."

साखर म्हणजे काय ते मला तिथं कळलं. पोलादाची नळी जोडताना तिच्या आत एक दुसरा, शांत गॅस खेळता ठेवायचा असतो. तो कमी पडला किंवा हात एका जागी जास्त रेंगाळला, तर आतला धातू जळून खरखरीत, दाणेदार होतो. बाहेरून सांधा चांदीसारखा दिसतो.

जुईनं कुणाला विचारलं नाही. स्वतः पाना घेतला. नळी काढायला तासभर गेला. मग ती कापली आणि उभी चिरली. दोन फाका टेबलावर ठेवल्या. सगळे वाकले. आतली वरची बाजू लख्ख होती. खालच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढी जागा, काळी, खरबरीत. साखरच.

मला वाटलं होतं, असं काही निघालं तर मी आनंदानं नाचेन. विमान थांबेल, जुई जमिनीवर राहील. प्रत्यक्षात मला दिसलं ते एवढंच, की सहा दिवसांनी हा दाणा जुईच्या पाठीमागं असता. मी तिथल्या स्टुलावर बसले. जुई बोटानं तो दाणा चाचपत होती. बोट काढून घ्यायची आणि पुन्हा तिथंच न्यायची. पहिल्यांदाच मला कळलं की तीही घाबरते, फक्त मला दाखवत नाही.

भाईंनी खिशातून वेल्डिंगचे हातमोजे काढले आणि त्या फाकांशेजारी ठेवले.

"सातीच्या साती काढा," म्हणाले. "दुसऱ्या हातानं करून घ्या. माझा हात चांगला हाय, डोळा गेलाय. सांगायला येळ केला, तेवढं माफ करा."

"आजोबा, सांगितलंत ना," जुई म्हणाली.

"आठ दिस उशिरा, बेटा. आठ दिसांत माणूस वर जाऊन खाली येतो."

दुसरा कारागीर आला. त्याच्या मागं भाई स्टुलावर बसून असायचे. बोलायचे नाहीत, फक्त कापलेला नमुना हातात घेऊन आतून अंगठा फिरवायचे. उड्डाण दीड महिना पुढं गेलं. त्या दीड महिन्यात जुईनं मला रोज फोन केला, आणि रोज काही ना काही बिघडल्याचं सांगितलं. पूर्वी ती मला चांगलंच तेवढं सांगायची. आता वीज करणाऱ्या पेटीतला एखादा पडदा फाटला, एखादा काटा चुकीचा दाखवतो, टाकीची झडप बदलली, असं सगळं. माझी काळजी दुपटीनं वाढली. तरी त्या फोनची मी वाट बघायची.

उड्डाणाच्या दिवशी मी धावपट्टीवर गेले नाही. माझ्यानं झालं नसतं. मी भाईंच्या घरी गेले. तेही गेले नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डोळ्यांवर काळा चष्मा. जुबेदावहिनींनी चहा ठेवला आणि तो तसाच निवू दिला. त्यांनीही घेतला नाही. मोबाईल मध्ये चटईवर. जुईनं सांगितलं होतं, बावीस मिनिटं हवेत, मग खाली, मग फोन.

"भाई, काही होणार नाही ना?"

"मला ठाऊक न्हाई, बाई."

"अहो, म्हणा की काही होणार नाही! तुमच्या तोंडून ऐकलं तर मला पटेल."

"म्हणूनच म्हणत न्हाई," ते म्हणाले.

जुबेदावहिनींनी त्यांच्याकडं असं बघितलं की दुसरा माणूस जागच्या जागी वितळला असता. मग त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला. बावीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. अठ्ठावीस. भाई भिंतीकडं तोंड करून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मीही माझ्या देवांना एकेक करून उठवलं. कुणाला आधी हाक मारली ते विचारू नका, आधी ज्याचं नाव आलं त्याला.

फोन वाजला. मी झडप घातली.

"आजी, आम्ही उतरलो. भाईआजोबांना दे आधी."

आधी भाईंना! पण मी दिला. त्यांनी कानाला उलटा धरला, वहिनींनी तो सुलटा केला. ते फक्त ऐकत होते. मग विचारलं, "कुठं?" पुन्हा ऐकलं. "बरं. लिवून ठिवलंस का? बरं." आणि फोन मला दिला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"एका जागी दाब थोडा उतरला म्हणती. का, ते अजून कळलं न्हाई. शोधत्यात." मग भाईंनी काळा चष्मा काढला, डॉक्टरांनी काढू नका सांगितलेला, आणि दोन्ही डोळे कुडत्याच्या बाहीनं पुसले. "बाई, पोरगी न विचारता सांगती. बसंल ती विमानात. बसू द्या."

त्या थंडीत एका सकाळी हमीदभाई गेले. अंगणात खुर्चीवर बसले होते, जुबेदावहिनी आत भाकरी टाकत होत्या. भाकरी घेऊन बाहेर आल्या तेव्हा संपलं होतं. दफनाच्या वेळी भोर-वेल्ह्यातून इतकी माणसं आली की बाजारातला रस्ता भरला. भाटघरचा तो शेतकरीही होता. त्यानं मला विचारलं, "मिस्त्रींचं विमान उडलं का वो?" मी म्हटलं, उडलं. म्हणाला, "आन पाणी?" मी म्हटलं, थोडं खाली सोडलं त्यानं, तुमच्यावर. तो आकाशाकडं बघायला लागला.

दाब का उतरला ते त्यांनी शोधून काढलं. एक रबरी कडं होतं. बदललं. त्यानंतर जुई चार वेळा उडाली आहे. येत्या सोमवारी पाचव्यांदा उडेल, या खेपेला मोठी टाकी आणि तासाभराचं उड्डाण. परवा ती घरी आली होती. मी विचारलं, "काही होणार नाही ना?" ती माझ्यासमोर खाली बसली आणि काय काय तपासलं ते सांगितलं. मग काय अजून तपासता येत नाही तेही सांगितलं. दोन गोष्टी होत्या. मला दोन्ही नीट समजल्या, हेच वाईट.

मी जाऊ नको म्हटलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं, पण म्हटलं नाही. हे लिहिताना माझा हात कापतोय. वयानं कापतोय, असं मी घरात सांगितलंय. ते मात्र खोटं आहे.